फिटचे पेशंट मान डोलावतात, तरी गोळ्या का सोडतात? उपकेंद्रातल्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

एका आरोग्यसेविका ताईंनी विचारलंय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या उपकेंद्राखाली फिटचे, म्हणजे मिरगीचे, सात पेशंट आहेत. हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नाही, हे प्रत्येकाला सांगून झालंय. सगळे हो म्हणतात. तरी चौघांनी गोळ्या सोडल्यात. मागच्या आठवड्यात उपकेंद्राच्या ओट्यावरच एकाला फिट आली, तर आमच्याच आशाताईंनी कांदा फोडून त्याच्या नाकाला लावला. एका एकोणीस वर्षांच्या मुलीची आई म्हणते, कार्डावर फिट लिहू नका, सोयरीक चालू आहे. पुढच्या महिन्यात मला सगळ्या आशांचं एक तासाचं प्रशिक्षण घ्यायचंय. नेमकं काय शिकवू? आणि या मुलीचं काय करू?"

ताई, मी बीड-लातूरच्या पट्ट्यात आठ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली आणि त्यानंतर तेरा वर्षं फिजिशियन म्हणून दर गुरुवारी फिटचे पेशंट बघते आहे. तुमच्या सातही पेशंटांना मी ओळखते असं वाटलं. नावं वेगळी, गावं वेगळी, पण कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली तीच जुनी फाईल, आतमध्ये चुरगळलेली तीच रिकामी पाकिटं.

"मेंदूचा आजार आहे" हे वाक्य आता गावोगाव पोचलंय. मी पेशंटला विचारते, हा आजार कशाचा? "मेंदूचा, मॅडम." उत्तर बरोबर. मग पुढचे प्रश्न विचारते. गोळी किती दिवस घ्यायची? "फिट थांबेपर्यंत." सकाळची चुकली तर? "दुसऱ्या दिवशी दोन घेतो." पोराच्या लग्नात सांगणार का? यावर आई पदराशी चाळा करत खाली बघते. चौथा प्रश्न पेशंटसोबत आलेल्या माणसाला: फिट आल्यावर तुम्ही काय करता? तो हाताने चप्पल नाकाला धरल्याची खूण करून दाखवतो. पहिल्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण आणि पुढच्या चारही ठिकाणी शून्य. पेशंटचं रोजचं आयुष्य त्या चार उत्तरांवर चालतं. म्हणून पहिला सल्ला हा की प्रशिक्षणात "हा आजार कशाचा" यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. ते सगळ्यांना पाठ आहे.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलते. पेशंटची समजूत तो आपल्याकडूनच उचलतो. आपण काय सांगतो ते तो ऐकतो आणि आपण कसे वागतो ते त्याहून नीट बघतो. मी प्रशिक्षणात एक गोष्ट करते, तुम्हीही करून बघा. सगळ्यांना कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. तीन प्रश्न: फिट येणाऱ्या मुलासोबत तुमच्या लेकराला खेळू द्याल का? फिटचा पेशंट तुमच्या शेतात कामाला ठेवाल का? फिट असलेल्या घरात मुलगी द्याल किंवा तिथली सून कराल का? पहिल्याला बहुतेक 'हो' येतं. दुसऱ्याला विभागणी होते. तिसऱ्याला चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या 'नाही' निघतात, आणि त्यात सिस्टर, आशा, फार्मासिस्ट, कधी डॉक्टरही असतात. मी चिठ्ठ्या मोठ्याने वाचते आणि कोणाला रागावत नाही. पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा मी स्वतःची चिठ्ठी लिहिताना थांबले होते. माझ्या भाच्यासाठी तेव्हा स्थळं बघणं सुरू होतं. तिसऱ्या प्रश्नापुढे हात अडला, आणि दर गुरुवारी मी ज्या मुलींना "काही होत नाही गं" म्हणत होते त्यांचे चेहरे आठवले. ज्या गोष्टीवर आपलाच विश्वास बसलेला नाही ती सांगताना आवाज बदलतो, आणि पेशंटला तो बदल लगेच कळतो.

आता कांद्याचं. तुमच्या आशाताईंना दोष देऊ नका. त्यांनी कांदा लावला आणि फिट थांबली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल, कांदा, लोखंडी किल्ली शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि श्रेय कांद्याला मिळतं. हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसवते. दोन मिनिटं शांत बसणं किती लांब वाटतं हे त्यांना अंगावर कळलं की कांद्याचा विषय निम्मा मिटतो. त्यानंतर सतरंजीवर एका ताईला झोपवा आणि प्रत्येकीला हातानं करू द्या: आजूबाजूची वीट, खुर्ची, विळा बाजूला, डोक्याखाली घडी केलेला पदर किंवा रुमाल, गळ्याशी बटण, दोरा सैल, झटके ओसरताच कुशीवर वळवणं, म्हणजे लाळ आणि फेस बाहेर येतो, श्वासनलिकेत जात नाही. घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, हाड मोडतं. तोंडात चमचा, बोट, कापड काही घालायचं नाही. जीभ गिळली जात नसते. कडेला चावली गेलीच तर भरून येते, पण चमच्याने तुटलेला दात परत येत नाही, आणि तो श्वासनलिकेत अडकला तर जीव जातो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. फिटनंतर माणूस पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास भांबावलेला असतो, तेव्हा कोणीतरी शेजारी बसून राहायचं. फेसाला हात लावला तर आपल्याला होतं, ही भीती अजून आहे. आशाताईंनी सगळ्यांसमोर पेशंटचं तोंड पुसलं की ती जाते, माझ्या भाषणाने जात नाही.

१०८ कधी बोलवायची, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: फिट पाच मिनिटांवर गेली, शुद्ध न येता दुसरी आली, आयुष्यात पहिल्यांदाच आली, बाई गरोदर आहे, पेशंटला शुगर आहे, डोक्याला मार लागलाय किंवा पाण्यात आली. गरोदर बाईच्या बाबतीत मी आशांकडून तीनदा वदवून घेते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गरोदर बाईला किंवा नुकत्याच बाळंत झालेलीला फिट आली तर ती मिरगी समजून घरी बसायचं नाही. आधी बीपी. ते गर्भारपणातल्या वाढलेल्या बीपीचे झटके असू शकतात. त्याचं औषध मॅग्नेशियम सल्फेट आहे आणि तिथे तासाभराचा उशीरही आई आणि बाळ दोघांना महाग पडतो.

तुमच्या चौघांनी गोळ्या का सोडल्या असतील, हे मी इथे बसून नेमकं सांगू शकत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि पेशंट पहिलं कारण सांगतो ते सहसा खरं नसतं. पण मला सापडलेली कारणं सांगते, त्यातून तुम्ही शोधा.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे फिट थांबणं. तापाची गोळी ताप उतरला की बंद करतात, हीच पद्धत इथे लावली जाते. फिटच्या गोळीने आजार उपटून निघत नाही. ती रोज रक्तात ठराविक प्रमाणात राहते म्हणून मेंदूतली ती अचानक उठणारी विजेची लाट दबून राहते. साधारणपणे किमान दोन वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर गोळी हळूहळू, काही महिन्यांत, कमी करत थांबवण्याचा विचार करतात. काहींना जन्मभर लागते. एकदम बंद केली की फिट मागे लागून येतात, विशेषतः फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम या गोळ्यांच्या बाबतीत, आणि त्यात माणूस दगावू शकतो. माझ्या बायाबापड्यांना मी शेतातलं उदाहरण देते: पीक पिवळं दिसायचं थांबलं म्हणून पाणी तोडत नाहीत, पीक तयार होईपर्यंत पाण्याची पाळी चुकवत नाहीत. हे उदाहरण बागायतवाल्याला लगेच पटतं, कारण पाळी चुकण्याची किंमत त्याने मोजलेली असते.

दुसरं कारण रिपोर्ट. "ईईजी नॉर्मल आला, म्हंजे काहीच नाही ना मॅडम?" ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, अर्ध्या तासाचा असतो आणि त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असला तर आलेख स्वच्छ येतो. फिटचं निदान मुख्यतः पाहणाऱ्याच्या वर्णनावर होतं. म्हणून घरच्यांना सांगा: पुढची फिट आली तर एकाने मोबाइलवर शूट करा. शहरातल्या डॉक्टरला त्या वीस सेकंदांच्या व्हिडिओतून जे कळतं ते तीन हजारांच्या तपासणीतून कळेलच असं नाही.

तिसरं, दुष्परिणाम, जे आपण सांगितलेलेच नसतात. फेनिटॉइन (लोक तिला एप्टॉइन म्हणतात) घेणाऱ्याच्या हिरड्या फुगतात. डोस जरा वाढला की रक्तातलं प्रमाण एकदम चढतं, माणूस चालताना झोकांड्या देतो आणि गाव म्हणतं दारू प्यायला. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात. लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड एवढी वाढते की बायको माहेरी निघून जाते. कार्बामाझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, तिथे थांबायचं नाही. हे आधी सांगितलं तर पेशंट आपल्याकडे येऊन तक्रार करतो. नाही सांगितलं तर तो गोळी उकिरड्यावर टाकतो आणि आपल्यापुढे मान डोलावतो.

आणि चौथं, आपल्या भागाचं खास. तुमच्या सातांपैकी किती जण ऊसतोडीला जातात? माझ्याकडे दसऱ्यानंतर गुरुवारची रांग निम्म्यावर येते आणि मार्च-एप्रिलमध्ये, गाळप संपून टोळ्या परतल्या की, फिट वाढलेले पेशंट एकदम येतात. सरकारी दवाखान्यातून पंधरा दिवसांची, फार तर महिन्याची गोळी मिळते आणि माणूस पाच महिने कर्नाटकात किंवा कोल्हापूर-सांगलीकडे फडावर असतो. तिथे पहाटे तीनला उठून गाडी भरायची, झोप चार-पाच तासांची. झोप मोडणं हे फिट आणणारं एक मोठं कारण आहे. त्यात हातात कोयता. मी काय करते: गणपतीच्या आसपास आशांकडून यादी घेते की यंदा कोण जाणार, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती करून जास्तीत जास्त जेवढ्या महिन्यांची गोळी देता येईल तेवढी द्यायला लावते. एक चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहून देते: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. ती चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून पोत्यात नाही, अंगावर ठेवायची. कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येते. फिट असलेल्याने ट्रकवर चढून मोळ्या रचायच्या नाहीत, खाली उभं राहून द्यायच्या. मुकादमाला सांगायचं की नाही, यावर मी ठाम सांगत नाही. सांगितलं तर उचल मिळत नाही आणि कोयता मोडतो, म्हणजे नवरा-बायको दोघांचंही काम जातं. न सांगता फडात पडला तर जवळच्याला काय करायचं ते ठाऊक नसतं. मी एवढंच म्हणते की टोळीतल्या दोन विश्वासाच्या माणसांना तरी सांगा, आणि कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवा.

आता अमावास्येचं. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला फिट येते असं घराघरांत मानतात आणि त्यावरून लगेच बाहेरचं, करणी, भानामतीपर्यंत गोष्ट जाते. मी कधीही "हे सगळं खोटं" असं तोंडावर म्हणत नाही. म्हटलं की माणूस पुढच्या वेळी येतच नाही. मी सांगते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर फिट आली त्या तारखेला लाल गोल करा आणि गोळी चुकली त्या तारखेला काळी फुली मारा. सहा महिन्यांनी कॅलेंडर घेऊन या. एका आईने आणलेल्या कॅलेंडरवर खरंच दर अमावास्येच्या पुढे-मागे लाल गोल होते. शेजारीच काळ्या फुल्याही होत्या. मुलाला दर अमावास्येला एका देवाच्या ठाण्यावर नेत होते. रात्रभर जागरण, उपाशीपोटी प्रवास, आणि तिथे गोळी घ्यायची नाही असं सांगितलेलं. फिट अमावास्येलाच येत होती, आणि का येत होती ते त्या माउलीने स्वतःच बोट ठेवून दाखवलं. ती आजही ठाण्यावर जाते. फक्त गोळी पदराला बांधून नेते, मुलाला रात्री झोपू देते. मला एवढं पुरे आहे. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली कोणी मिरचीची धुरी देत असेल, साखळीने बांधत, मारत, चटके देत असेल तर तिथे मऊ बोलायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, पोलिसांत सांगायचं.

यात एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती आशांना सोपी करून सांगावी लागेल: प्रत्येक झटका म्हणजे मिरगी नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला तापात आलेली फिट वेगळी. ती बहुतेकांची वाढत्या वयात थांबते आणि तिला मिरगीचा शिक्का मारायचा नाही. दारू अचानक सोडल्यावर येणारी वेगळी, शुगर उतरल्यावरची वेगळी. आणि काहींचे झटके मनावरच्या ताणाचे असतात. डोळे घट्ट मिटलेले, हालचाल दहा-वीस मिनिटं चालूच, मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. अशा बाईला "नाटक करतीय" म्हणणारे मी आपल्याच वॉर्डात पाहिलेत. ती नाटक करत नसते. तिला फिटच्या गोळीची गरज नसते, पण मदतीची गरज तेवढीच असते. उलट काही खऱ्या फिट झटक्यांशिवायच येतात: पोरगी वर्गात पाच-दहा सेकंद शून्यात बघते, हातातली पेन्सिल पडते, आणि बाई तिला लक्ष नाही म्हणून उभं करतात. निदान आपण करायचं नाही. आपण बघायचं, लिहायचं, पाठवायचं.

"मेंदूत किडा" हे शब्दही गावात फिरतात, म्हणून त्याबद्दल थोडं. आपल्याकडे तरुणांमध्ये फिट सुरू होण्याचं एक मोठं कारण म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेली बारीक गाठ. एक माळकरी काका माझ्यासमोर रडले होते. "आमच्या सात पिढ्यांत कुणी मटणाला शिवलं न्हाई मॅडम, अन् डॉक्टर म्हणायलेत डुकराचा किडा." लोकांना वाटतं हे डुकराचं मांस खाल्ल्यानेच होतं. कच्चं राहिलेलं तसलं मांस खाल्लं तर आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूतली गाठ मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होते, आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. उघड्यावरच्या घाणीवरून वाहिलेलं पाणी कोथिंबिरीला, मेथीला, मुळ्याला लागतं. ती न धुता कच्ची खाल्ली, किंवा जंत असलेल्या माणसाने हात न धुता स्वयंपाक केला, की शाकाहारी माणसालाही होतं. काकांच्या मनावरचा कलंक उतरवायला मला दहा मिनिटं लागली, गोळ्या लिहायला दोन. त्या दहा मिनिटांनंतर ते गोळ्या घ्यायला लागले. आणि कोणी दुकानातून जंताची गोळी आणून स्वतःच घेत असेल तर थांबवा. मेंदूत गाठ असताना ती डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेतली तर सूज वाढून फिट वाढू शकतात.

आकडे हवे असतील तर दोनच सांगा. जगात साधारण ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. शाळेत गेलात तर पोरांना जाँटी ऱ्होड्सचं सांगा. १९९२ च्या क्रिकेट विश्वचषकात हवेत झेपावून स्टंप उडवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या या क्षेत्ररक्षकाला मिरगी आहे आणि त्याने ती उघडपणे सांगितली आहे. माझ्याकडच्या एका नववीतल्या पोराने तो व्हिडिओ शोधून काढला आणि मग स्वतःहून मैदानावर परतला.

काही मनाई मात्र खरी आहे, ती गोड करून सांगू नका. गाडी चालवायची नाही. लायसन्सच्या अर्जातल्या आरोग्याच्या घोषणापत्रात फिटबद्दल थेट विचारलेलं असतं. विहिरीवर एकटीने पाणी शेंदायचं नाही, एकट्याने पोहायचं नाही. चूल जमिनीवर असेल तर फिट असलेल्या बाईने शेजारी कोणी असतानाच बसायचं. आपल्या भागात नुसत्या फिटने जेवढं नुकसान केलेलं नाही तेवढं फिट येऊन विहिरीत किंवा चुलीवर पडल्याने झालंय.

आता तुम्ही विचारलेली ती एकोणीस वर्षांची मुलगी. तिच्याबद्दल मी सगळ्यात जास्त विचार केला.

आधी कार्डाचं. उपकेंद्राच्या नोंदवहीत खरं तेच राहील, आणि ती नोंदवही सोयरिकीच्या पाहुण्यांना कधीही दिसणार नाही, हे आईला शब्द देऊन सांगा, आणि आशांकडूनही तो शब्द पाळून घ्या. गावात बातमी फुटते ती बहुतेक वेळा आपल्याच माणसांकडून. घरी राहणाऱ्या कार्डावर आजाराचं नाव लिहायचं की नाही ते मुलीला ठरवू द्या, पण औषधाचं नाव आणि डोस असलाच पाहिजे. मी पूर्वी हट्टाने कार्डावर लिहायचे. दोन मुली कार्ड घरी फेकून दवाखान्यात यायच्याच बंद झाल्या, तेव्हापासून हट्ट सोडला.

लग्नाआधी सांगावं, असं माझं मत आहे, आणि ते का ते सांगते. माझ्या एका पेशंटने न सांगता लग्न केलं. गोळ्या पिठाच्या डब्यात लपवायची. सासूला पाकीट सापडलं, तिने काय काय समजून ते फेकून दिलं. आठव्या दिवशी चुलीपुढे फिट आली आणि उजवा हात मनगटापर्यंत भाजला. दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी साखरपुड्याआधी मुलाकडच्यांना माझ्याकडेच आणलं. होणाऱ्या सासूने एकच प्रश्न विचारला, "लेकरांना व्हईल का?" मी सांगितलं की फिट असलेल्या बहुसंख्य आई-वडिलांची मुलं फिटशिवायच वाढतात. धोका थोडा जास्त असतो, पण थोडाच. आता तीच सासू दर महिन्याला तिला घेऊन येते आणि गोळ्या मोजून घेते. तिसरीची सोयरीक सांगितल्यावर मोडली, हेही लपवत नाही. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. त्यामुळे सांगा म्हणताना आपण काय मागतोय याची मला जाणीव आहे. निर्णय त्या मुलीचा आणि तिच्या घराचा. आपण तिला एकटी गाठून, आई बाजूला नसताना, तिला स्वतःला काय हवंय ते विचारायचं. कित्येकदा मुलीलाच आपल्या आजाराचं नाव माहीत नसतं. कायद्याचंही सांगा: हिंदू विवाह कायद्यात पूर्वी मिरगी ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट होती, १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. म्हणजे मिरगी आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण लपवलं म्हणून फसवणुकीची तक्रार होऊ शकते, आणि तिथे मुलगी एकटी पडते.

या सगळ्याहून घाईचं काम दुसरंच आहे, आणि ते प्रशिक्षणाची वाट न बघता याच आठवड्यात करा. तिच्या घरी जाऊन गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि नाव वाचा. व्हॅल्प्रोएट किंवा सोडियम व्हॅल्प्रोएट लिहिलेलं असेल तर तिला लवकरात लवकर फिजिशियन किंवा मेंदूविकार तज्ज्ञाकडे न्या, अंबाजोगाईला, लातूरला, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, जिथे सोयीचं पडेल तिथे. गर्भारपणात ही गोळी चालू राहिली तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग राहतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांची समज, बोलणं, शिकणं मागे पडतं. लग्न होऊन दोन महिन्यांनी दिवस गेल्यावर गोळी बदलायला घेतली तर उशीर झालेला असतो. गोळी बदलणं डॉक्टरच्या हातून, सावकाश, आत्ता, लग्नाआधी. फोलिक ॲसिडही त्यांना विचारून गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू करायचं. तुम्ही किंवा तिच्या आईने ऐकून गोळी एकदम बंद करायची नाही, हे दोनदा सांगा, कारण हे वाचून घाबरून नेमकं तेच केलं जातं. दुसरी कुठली गोळी असेल तरी हीच भेट करून घ्या. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन घेणाऱ्या बाईवर पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्या नीट काम करत नाहीत, तेव्हा तांबीचा किंवा दुसऱ्या उपायाचा विचार आधीच करावा लागतो.

जाताना आईला बाहेर ओसरीवर बसवा, मुलीशी दहा मिनिटं एकटीने बोला, आणि पाकिटावरचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटची फिट कधी आली ती तारीख तुमच्या डायरीत लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच तीन प्रश्न विचारतील.